निरोप घेऊ का?

जून २००८ मध्ये मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्याच्या, ऑफिसात लागले. काम हिशेबाचं होतं. चलनं, आवक-जावक, कामगारांची हजेरी. बी.कॉम. झालेलं, टॅली येत होतं, तेवढ्यावर मला घेतलं. इंग्रजी बोलता येतं का, हे कुणी विचारलं नव्हतं आणि मीही आपणहून सांगितलं नव्हतं. कागल तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत इंग्रजी पाचवीपासून होतं. वाचलेलं कळायचं, पत्र लिहिता यायचं, व्याकरणाला मार्कही चांगले पडायचे. पण समोरून इंग्रजी ऐकायचं आणि लगेच उत्तर द्यायचं, असा प्रसंग कॉलेज संपेपर्यंत आला नव्हता.

एक्सपोर्टचं काम बघणारा मुलगा दिवाळीनंतर नोकरी सोडून पुण्याला गेला आणि त्याचा फोन उचलून माझ्या टेबलावर ठेवण्यात आला. इंग्लंडमध्ये, मिडलँड्स भागात पंप बनवणारी एक कंपनी आमची कास्टिंग, म्हणजे ओतलेले भाग, घ्यायची. त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे हिवाळ्यात आपले दुपारचे अडीच आणि उन्हाळ्यात दीड, कारण ते मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे आणतात. माझं जेवण कसंबसं संपायच्या वेळेला तो फोन वाजायचा. आकड्यांच्या आधी इंग्लंडचा कोड, चव्वेचाळीस, दिसला की घास घशाखाली उतरत नसे.

पहिला फोन मला शब्दन् शब्द आठवतो. पलीकडे एक बाई होत्या. त्यांनी साहेबांचं नाव घेतलं, पुढचं मला कळलं नाही. मी म्हणाले, ‘हू इज धिस?’ त्यांनी सांगितलं. मी म्हणाले, ‘सर इज नॉट देअर. सर इज इन शॉप. यू कॉल लेटर.’ पलीकडे क्षणभर काहीच आवाज नाही. मग त्या काहीतरी म्हणाल्या, मी ‘ओके, आय ॲम कीपिंग द फोन’ म्हणून ठेवून दिला. हात थंड पडले होते, पण निभावलं असंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावून घेतलं. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘त्या बाई विचारत होत्या, तुमच्याकडची मुलगी कशावरून चिडली आहे का म्हणून.’

मी मंगळवार पेठेत एक खोली घेऊन राहत होते. मालकीणबाईंना मी काकू म्हणायचे. त्या टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. १९६८ साली लागल्या तेव्हापासून ट्रंक बोर्डावर, म्हणजे बाहेरगावचे कॉल हाताने जोडायच्या बोर्डावर, ऑपरेटर, पुढे सुपरवायझर. त्या संध्याकाळी माझा चेहरा बघून त्यांनी चहा टाकला आणि मला सगळं सांगायला लावलं. ऐकून घेऊन म्हणाल्या, ‘आता हेच मराठीत सांग. तुला काय म्हणायचं होतं?’

मी सांगितलं, ‘कोण बोलतंय? साहेब नाहीयेत. शॉपवर गेलेत. नंतर करा. बरं, ठेवते हं.’

‘मग यात काय वाईट बोललीस?’ काकू म्हणाल्या. ‘नाहीयेत, गेलेत, करा, ठेवते हं. सगळीकडे मान आहे. इंग्रजीत नेताना तो मान इथंच राहिला बघ. त्यांच्याकडं ‘तू’ला आणि ‘तुम्ही’ला एकच ‘यू’. मान ठेवायला क्रियापदात जागाच नाही. मग ती माणसं तो वाक्याच्या आधी आणि मागे लावतात.’

मला इंग्रजीबद्दल इतकं उपयोगाचं वाक्य शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. मी तोवर ‘प्लीज’ आणि ‘कुड’, ‘वुड’ हे वरून पेरायचे मसाले समजत होते. घातले तर बरं, नाही घातले तरी अर्थ तोच. काकूंनी ते जेवणातलं मीठ आहे हे दाखवलं. ‘नंतर करा’मधला ‘रा’ म्हणजे ‘कुड यू कॉल बॅक लेटर, प्लीज?’ ‘कोण बोलतंय?’ हे मराठीत साधं आहे, कारण आपण नाव न घेता, बोट न दाखवता विचारतो. ‘हू इज धिस?’ मात्र तोंडावर फेकल्यासारखं लागतं. त्याला ‘मे आय आस्क हूज कॉलिंग?’ म्हणायचं. आणि काकूंनी आणखी एक दाखवलं, जे ऐकून माझी भीतीच निम्मी झाली. आपणही कुणाकडे काम असलं की ‘साहेबांशी जरा बोलायचं होतं’ असं म्हणतो. बोलायचं आत्ताच असतं, तरी ‘होतं’. एक पाऊल मागे सरकून बोललं की मागणी सौम्य होते. ‘आय वॉन्टेड टू स्पीक टू’ आणि ‘कुड आय’ हे तेच मागे सरकणं. म्हणजे रीत आपल्याच घरातली होती, मी ती इंग्रजीत ओळखली नव्हती.

‘आय ॲम अफ्रेड’ मात्र जड गेलं. ‘आय ॲम अफ्रेड ही इज अवे टुडे.’ साहेब बाहेरगावी गेले तर मी कशाला घाबरायचं? काकू म्हणाल्या, ‘आपण ‘अहो, ते नाहीयेत ना आज’ म्हणतो, त्यातला ‘ना’ आहे तो.’ मग पटलं. ‘आउट ऑफ स्टेशन’ हे तर आपल्याकडचं पक्कं इंग्रजी म्हणून मी मोठ्या विश्वासाने वापरलं होतं. त्या बाईंनी कुठलं स्टेशन असं विचारलं होतं. आणि ‘इन शॉप’ ऐकून साहेब दुकानात खरेदीला गेलेत असंच कुणालाही वाटेल. ‘ही इज ऑन द शॉप फ्लोअर’ म्हटलं की तिकडच्या कारखान्यातल्या माणसाला बरोबर कळतं.

आमची शिकवणी जेवणं झाल्यावर व्हायची. मी बाहेरच्या खोलीत वही घेऊन, काकू आत स्वयंपाकघरात, मध्ये भिंत. तोंड दिसू द्यायच्या नाहीत. ‘फोनवर तुझा चेहरा जात नाही, हात जात नाहीत, मान डोलवलेली जात नाही,’ म्हणायच्या. बोलता बोलता मुद्दाम मिक्सर लावायच्या, नळ सोडायच्या. मला ऐकू आलं नाही की मी ‘व्हॉट?’ म्हणायचे आणि आतून भांड्यावर चमचा वाजायचा. ‘सॉरी, आय डिडन्ट कॅच दॅट’ म्हणेपर्यंत पुढचं वाक्य मिळायचं नाही. ऑफिसच्या खिडकीबाहेर फेटलिंग शॉप होतं, कास्टिंगच्या कडा घासणारे ग्राइंडर दिवसभर चालायचे. तो चमचा मला तिथे फार उपयोगी पडला. ऐकू आलं नाही तर तसं सांगणं हा अपमान वाटत नाही, ऐकल्यासारखं करणं वाटतं, हे त्या चमच्याने अंगवळणी पडलं.

‘पुट थ्रू’ हा शब्द कुणीही काकूंसारखा शिकवू शकणार नाही. ‘कुड यू पुट मी थ्रू टू अकाउंट्स?’ याचा अर्थ पुस्तकात ‘जोडून देणे’ असा असतो. काकूंनी ताट उभं धरलं आणि हातात शिवणाची दोरी घेतली. बोर्डावर भोकांच्या रांगा असायच्या, प्रत्येक भोक म्हणजे एक लाइन. दोरीच्या टोकाला पितळी प्लग. आलेल्या कॉलच्या भोकात एक टोक, ज्याच्याशी बोलायचं त्याच्या भोकात दुसरं टोक, की माणूस ‘थ्रू’ झाला. डोक्याला हेडफोन, समोर तिकीट, त्यावर वेळ. साधा कॉल, अर्जंट कॉल, लाइटनिंग कॉल. पी.पी. असला तर ठरावीक माणूसच फोनवर आला पाहिजे. तीन मिनिटं झाली की मध्ये बोलून विचारायचं, वाढवायचं का. १९६० मध्ये कानपूर-लखनौ पहिली एसटीडी, म्हणजे ऑपरेटरशिवाय थेट नंबर फिरवायची, लाइन सुरू झाली आणि मग वर्षागणिक एकेक गाव बोर्डावरून उतरत गेलं, पण काकूंच्या उमेदीची वर्षं या दोऱ्यांत गेली. ‘यू आर थ्रू’ म्हणजे ब्रिटिश माणसाला ‘लाइन लागली, बोला’. अमेरिकन माणूस ‘आर यू थ्रू?’ म्हणाला तर तो विचारतोय ‘तुमचं संपलं का?’ या एका शब्दापायी तोडायचा नाही तो कॉल आपण तोडून बसू, असं काकू बजावायच्या.

महिनाभरात मी ‘गुड आफ्टरनून’नंतर आधी कंपनीचं नाव आणि मग माझं नाव सांगायला लागले. आपण ‘हॅलो’ म्हणून गप्प बसतो, पलीकडच्याने आधी ओळख सांगावी म्हणून. तिकडच्या ऑफिसात फोन घेणारा आधी ओळख देतो. एक छोटी माहिती मला त्या वेळी फार आवडली होती: टेलिफोन बनवणाऱ्या ग्रॅहम बेलना फोनवर ‘अहॉय’ म्हणावं असं वाटायचं, ‘हॅलो’ सुचवला तो एडिसनने १८७७ मध्ये.

मग निरोपाचं प्रकरण सुरू झालं. मराठीत ‘निरोप घेणे’ म्हणजे जाताना रजा घेणं आणि ‘निरोप घेणे’ म्हणजे कुणाचा सांगावा लिहून घेणंही. ‘कॅन आय टेक अ मेसेज?’ याचं मराठी वहीत लिहिताना ‘निरोप घेऊ का?’ असं लिहिलं आणि मी थांबले. माझं सगळं दुखणं तिथंच होतं. मला निरोप घ्यायची, म्हणजे फोन ठेवायची, इतकी घाई असायची की निरोप घ्यायचा राहायचा.

काकूंनी मला पॅड आखून दिलं. कोण, कुठून, कुणासाठी, किती वाजता, काय, परतीचा नंबर, आणि सर्वांत खाली एक चौकोन: ‘वाचून दाखवलं’. त्या चौकोनात खूण केल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. ‘लेट मी रीड दॅट बॅक टू यू.’ माझ्या पूर्ण शिक्षणात मला सर्वांत जास्त वेळा वाचवलं ते या एका वाक्याने. तरी ते अंगात मुरायला एक मोठी चूक व्हावी लागली.

फेब्रुवारी २००९. साहेब बाहेर, फोनवर तिकडचे खरेदी बघणारे गृहस्थ. भरभर बोलणारे. मी आपली ऐकत होते आणि मध्ये मध्ये ‘यस... यस... यस’ म्हणत होते. आपण मराठीत ‘हं, हो, बरं’ म्हणतो तसा तो हुंकार होता. हुंकार दिला नाही तर बोलणारा विचारतो, ‘ऐकताय ना?’ त्या यसमध्ये माझा होकार नव्हता. पण त्यांच्या बोलण्यात मध्येच कुठेतरी ‘म्हणजे माल शुक्रवारी निघतोय, बरोबर?’ असा प्रश्न होता आणि त्यावरही माझं ‘यस, यस’ गेलं. संध्याकाळी मेल आला, तुमच्या सहकाऱ्यांनी पक्कं सांगितल्याप्रमाणे. माल अजून फेटलिंगला होता. त्यांनी मेलवर विसंबून पुढच्या असेंब्लीची तारीख ठरवली. शेवटी चाळीस नग विमानाने पाठवावे लागले आणि त्या नगांच्या किमतीहून भाडं जास्त गेलं. साहेबांनी माझ्या पगारातून काही कापलं नाही. मी चार दिवस डबा न खाता परत नेला.

काकूंनी यावर लांबलचक काही सांगितलं नाही. ‘यस’ बंद, म्हणाल्या. ऐकतेय एवढंच कळवायचं तर ‘राइट’ किंवा ‘आय सी’. त्यातही संशय आला तर ‘आय अंडरस्टँड, बट आय कान्ट कन्फर्म दॅट. आय विल पास इट ऑन.’ हे शेवटचं वाक्य मी पॅडच्या पुठ्ठ्यावर मार्करने लिहून ठेवलं. मला समजलंय, मी पक्कं करू शकत नाही, मी पोचवते. निरोप घेणाऱ्याचं काम या तीन तुकड्यांत बसतं आणि मधला तुकडाही हक्काचा आहे, त्यासाठी ओशाळायचं कारण नाही, हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. माझ्यासारख्या मुलींना ‘नाही सांगता येणार’ म्हणण्याची सवयच नसते, कुठल्याच भाषेत.

वेळांचाही एकदा घोळ झाला. त्या बाई म्हणाल्या, खरेदीवाले गृहस्थ उद्या ‘हाफ एट’ला ऑफिसात असतील. पावणेआठ म्हणजे आठाला पाव कमी, तर हाफ एट म्हणजे आठाला अर्धा कमी, साडेसात. माझा हिशेब मराठीत चोख होता. उन्हाळा होता, म्हणून साहेबांना आपले दुपारचे बारा लिहून दिले. बारा वाजता तिकडे कुणी उचललं नाही. ब्रिटिश माणसाचं ‘हाफ एट’ म्हणजे ‘हाफ पास्ट एट’, मराठीत साडेआठ. एक वाजता करायला हवा होता. तेव्हापासून वेळ आली की मी आकडे विचारते, ‘दॅट्स एट थर्टी, युअर टाइम?’ आणि शेजारी आपली वेळ लिहिते.

नावं आणि पार्ट नंबर ही वेगळीच लढाई. बी, डी, पी, टी हे फोनवर सगळे सारखे. आम्ही आपले ‘बी फॉर बॉम्बे, डी फॉर दिल्ली’ म्हणतो, ते एक वेळ कळतं. मी एकदा ‘व्ही फॉर विजय’ म्हणाले. ज्याला विजय कसं लिहितात ते ठाऊक नाही, त्याला त्यातून काय कळणार? शिवाय आपल्याला ‘व’ एकच, त्यांना व्ही आणि डब्ल्यू दोन. त्या बाईच मग म्हणाल्या, ‘व्हिक्टर ऑर व्हिस्की?’ मी सायबर कॅफेत जाऊन ती पूर्ण यादी काढली. विमानवाल्यांची आहे, १ मार्च १९५६ पासून जगभर लागू झालेली. अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा. ‘आय’साठी ‘इंडिया’ आहे हे बघून मला उगाच बळ आलं. केएमटीच्या, म्हणजे कोल्हापूरच्या सिटी बसमधून येता-जाता दुकानांच्या पाट्या मी या यादीत म्हणत बसायचे. शून्याला ते ‘ओ’ म्हणतात, आणि आमच्या पार्ट नंबरांत अक्षर ओसुद्धा होता, म्हणून ‘झीरो, द नंबर’ आणि ‘ऑस्कर, द लेटर’ असं मी स्वतःच ठरवून घेतलं. आकडा ऐकताना मनात मराठी करायचं नाही, हेही स्वतःच्या अनुभवाने कळलं. पंचेचाळीस म्हणताना आपण पाच आधी घेतो आणि ते चार आधी. एकेक आकडा ऐकायचा, एकेक लिहायचा.

व्हॉइसमेलची भीती सर्वांत शेवटी गेली. माणूस निदान ‘पार्डन?’ म्हणतो. ते यंत्र ‘आफ्टर द टोन’ म्हणतं आणि एक लांब आवाज होऊन गप्प बसतं. त्यापुढे मी दोन-तीनदा नुसता फोन ठेवून दिला होता.

२०१० च्या जानेवारीत, एका शुक्रवारी संध्याकाळी सव्वासातच्या सुमारास दोन हीटच्या, म्हणजे भट्टीतल्या दोन वितळणींच्या, टेस्ट बारची (तपासणीसाठी ओतलेल्या नमुन्यांची) अदलाबदल झाल्याचं लॅबमध्ये लक्षात आलं. माल चारशे-पंधरा ग्रेडच्या एसजी आयर्नचा, म्हणजे ताण सोसणाऱ्या ओतीव लोखंडाचा होता, म्हणजे ओढून तपासताना तुटेपर्यंत किमान १५ टक्के ताणला गेला पाहिजे. एका हीटचा बार ११ टक्क्यांनाच तुटला, आणि त्या हीटची कास्टिंग इंग्लंडला पोचली होती. साहेबांनी मेल केला. पण शुक्रवारी दुपारी तिकडे ऑफिस लवकर रिकामं होतं आणि शनिवारी सकाळी मशीन शॉपची पाळी असते, हे मला फोनांवरून माहीत झालं होतं. मी म्हणाले, मी फोन करते. साहेब समोर उभे राहिले.

कुणी उचललं नाही. यंत्र लागलं. मी आधी पॅडवर लिहून घेतलं होतं, ते वाचलं, काकूंच्या भिंतीपलीकडे वाचावं तसं, सावकाश. ‘धिस इज साळोखे, सिएरा, अल्फा, लीमा, ऑस्कर, किलो, हॉटेल, एको, कॉलिंग फ्रॉम कोल्हापूर. इट्स टेन पास्ट टू ऑन फ्रायडे, युअर टाइम. धिस इज अर्जंट. प्लीज डू नॉट मशीन द कास्टिंग्ज फ्रॉम हीट नंबर टू झीरो फोर सेव्हन. आय रिपीट, टू, झीरो, फोर, सेव्हन.’ मग आमचा नंबर दोनदा. ‘थँक यू. गुडबाय.’ घामाने रिसीव्हर निसटत होता.

सोमवारी दुपारी दोन चाळीसला फोन वाजला. तिकडचे शनिवारच्या पाळीचे फोरमन होते, त्यांच्याशी मी आधी कधी बोलले नव्हते. म्हणाले, निरोप शनिवारी सकाळी सहा वाजता ऐकला, क्रेटवर लाल पट्टी मारली, एकही नग मशीनवर चढला नाही. मग म्हणाले, ‘लेट मी रीड इट बॅक टू यू,’ आणि माझाच निरोप मला वाचून दाखवला. हीट नंबर, वेळ, फोन नंबर. आडनावाशी आले आणि अडखळले. सिएरा, अल्फा, लीमा इथपर्यंत बरोबर, पण उच्चार कसा करायचा? मी सांगितलं. त्यांनी दोनदा प्रयत्न केला. ‘ळ’ काही आला नाही, ‘सालोके’ आलं. ‘दॅट्स करेक्ट,’ मी म्हणाले आणि पॅडवरच्या खालच्या चौकोनात खूण केली.